सल्लागार मंडळांचे विसर्जन आणि सरकारी काटकसर : मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाचा दाखला

१

राज्यकारभाराच्या खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली म्हणजे ज्या थोड्या गोष्टींवर ती प्रथम चालते त्यांत सल्लागार मंडळांची गणना करावी लागेल. लष्कराचा खर्च कमी करावयाचा तर सेनापतीशी वाद घालावा लागतो. नोकरवर्ग कमी करावयाचा तर निवृत्तिवेतनाचे व नुकसानभरपाईचे प्रश्न उभे राहतात. रस्ते वा पाटबंधारे यांना हात लावला तर त्या त्या मुलखातील लोक ओरड करतात. सल्लागार मंडळाच्या पाठीशी असे कोणीच नसते. त्याचे सभासद वर्षातून एकदोनदा जमतात, ठराव करतात आणि प्रवासभत्ता घेऊन आपापल्या गावी परततात. एका ओळीच्या सरकारी ठरावाने असे मंडळ बरखास्त करता येते आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेही काही अडत नाही. अंदाजपत्रकात गेल्या वर्षी जेथे आकडा होता तेथे यंदा रेघ दिसते. या वजाबाकीलाच बचत म्हणण्याची वहिवाट पडून गेली आहे.

ही वजाबाकी कितपत खरी, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाइतकाच इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे. मंडळ मोडल्याचे परिणाम दहा-वीस वर्षांनी दिसू लागतात. तोवर ते मोडणारा अर्थमंत्री निवृत्त झालेला असतो आणि हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने ते खाते केव्हाच बंद झालेले असते. शिवाय बहुतेक मंडळे एकदा गेली की कायमची जातात. ती राहिली असती तर काय झाले असते हे ताडून पाहण्यास साधन उरत नाही. या दृष्टीने हिंदुस्थान सरकारचे मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळ हा एक दुर्मीळ दाखला आहे. ते १९२० साली स्थापन झाले, १९२३ साली काटकसरीसाठी मोडले गेले, १९३५ साली पुन्हा उभारले गेले, १९९४ साली मुदत संपल्यावर तसेच सोडून दिले गेले आणि २००४ साली तिसऱ्यांदा अस्तित्वात आणले गेले. एकाच संस्थेच्या असण्याचा आणि नसण्याचा काळ असा आलटून-पालटून अभ्यासकाच्या हाती क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः यांपैकी पहिल्या विसर्जनाचा विचार केला आहे. दुसऱ्याचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

२

मंडळाच्या जन्माचे कारण १९१९ च्या राज्यसुधारणांत सापडते. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे प्रांतांचे सोपीव खाते झाले, म्हणजे कायदेमंडळास जबाबदार असलेल्या मंत्र्यांच्या हाती आले. मध्यवर्ती सरकारपाशी प्रांतांना शिक्षणाच्या बाबतीत हुकूम करण्याची सत्ता फारशी उरली नाही. सत्ता गेल्यावर निदान सल्ला देण्याची आणि एका प्रांताचा अनुभव दुसऱ्यास कळविण्याची सोय असावी, हा विचार सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) पूर्वीच मांडला होता. त्यास अनुसरून १९२० मध्ये मंडळ स्थापन झाले. त्याच्या जोडीला शिक्षण ब्यूरो ही छोटीशी कचेरी १९१५ पासूनच काम करीत होती. माहिती गोळा करणे, पत्रके व अहवाल छापणे हे तिचे काम. हेन्री शार्प आणि जे. ए. रिची यांनी संपादित केलेले शैक्षणिक दप्तरांतील वेच्यांचे दोन खंड (१९२० व १९२२) याच ब्यूरोने काढले. एल्फिन्स्टनच्या काळातील मुंबई इलाख्याच्या शिक्षणावर काम करणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याचे त्यांतील पहिल्या खंडावाचून आजही पान हलत नाही.

मंडळ स्थापन झाले तो काळ सरकारच्या आर्थिक स्थितीला अत्यंत प्रतिकूल होता. महायुद्धानंतर सलग पाच वर्षे हिंदुस्थान सरकारची अंदाजपत्रके तुटीची ठरली. इंग्लंडातही तीच स्थिती होती आणि तेथे सर एरिक गेडीस यांच्या समितीने १९२२ साली सरकारी खर्चावर जी कुऱ्हाड चालविली ती त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. या गेडीस समितीचे एक सभासद होते लॉर्ड इंचकेप, जहाजधंद्यातील बडे व्यापारी. त्यांनाच हिंदुस्थानातील काटकसर समितीचे अध्यक्ष नेमण्यात आले. समितीत सर राजेंद्रनाथ मुकर्जी, दादिबा दलाल, पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे हिंदी सभासद आणि सर टॉमस कॅटो व सर अलेक्झांडर मरे हे युरोपियन सभासद होते. उद्योग व व्यापार यांचा दांडगा अनुभव असलेली ही माणसे. त्यांत शिक्षणक्षेत्रातील एकही नव्हता. मार्च १९२३ मध्ये समितीने आपला अहवाल दिला आणि सुमारे १९ कोटी रुपयांची काटछाट सुचविली. तीत निम्म्याहून अधिक वाटा लष्करी खर्चाचा होता, ही गोष्ट समितीच्या बाजूने नमूद केली पाहिजे. लष्कराच्या वाढत्या खर्चाविरुद्ध हिंदी पुढारी वर्षानुवर्षे बोलत आले होते आणि त्यांचे म्हणणे या व्यापारी मंडळींनी आकडेवारीने उचलून धरले.

परंतु त्याच अहवालाच्या ओघात शिक्षण ब्यूरो बंद झाला आणि शिक्षण सल्लागार मंडळही मोडले गेले. शिक्षण व आरोग्य यांचे खाते महसूल व शेतकी खात्यास जोडून ‘शिक्षण, आरोग्य व जमीन’ असे एक संयुक्त खाते १९२३ सालीच बनविण्यात आले. एका टेबलावर शाळा, दवाखाने आणि जमीनमहसूल अशी ही व्यवस्था पुढे बावीस वर्षे टिकली. मंडळाचे सभासद पगारी नव्हते. खर्च तो प्रवासभत्त्याचा, बैठकांचा आणि थोड्याबहुत छपाईचा. १९ कोटींच्या बेरजेत या रकमेचा शोध घेऊ गेल्यास दशांशचिन्हाच्या उजवीकडे बरेच दूर जावे लागते. एवढी काटछाट होऊनही १९२३-२४ च्या अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी होईना. अर्थसभासद सर बेसिल ब्लॅकेट यांनी मिठावरील कर दर मणी सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेण्याची सूचना मांडली. मध्यवर्ती कायदेमंडळाने ती फेटाळली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ती मंजूर करून घेतली. तूट किती खोल होती आणि तिच्यापुढे मंडळाचा खर्च किती किरकोळ होता, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते.

३

मंडळ मोडल्याने काम थांबले काय? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. कागदोपत्री होणारे काम थांबले नाही. सरकारचे शैक्षणिक आयुक्त हे पद चालू राहिले. पंचवार्षिक आढावे पूर्वीप्रमाणे निघत राहिले. जे थांबले ते प्रांतांनी एकत्र बसून परस्परांच्या अनुभवाची छाननी करणे. आणि दुर्दैव असे की, या छाननीची जितकी गरज त्या दहा वर्षांत होती तितकी त्यापूर्वी कधीच नव्हती.

१९१८ पासून पाच-सहा वर्षांत बहुतेक प्रांतांनी प्राथमिक शिक्षणाचे कायदे केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेला १९१८ चा कायदा आणि त्यानंतर र. पु. परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या काळात तयार झालेला १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा हे आपल्याकडील वाचकांना परिचित आहेत. दुसऱ्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा व नगर यांच्या स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची व्यवस्था केली. मद्रास, पंजाब, बंगाल, संयुक्त प्रांत, मध्यप्रांत येथेही थोड्याफार फरकाने हेच प्रयोग चालू होते. स्थानिक संस्थेकडे किती सत्ता द्यावी, तपासणीचा अधिकार कोणाकडे ठेवावा, सक्ती प्रथम कोठे करावी, अनुदान कोणत्या तत्त्वावर द्यावे, हे प्रश्न सर्वत्र एकच होते. प्रत्येक प्रांताने त्यांची उत्तरे स्वतःच्या खर्चाने शोधली आणि एकाने केलेली चूक दुसऱ्यानेही केली. जो विचारविनिमय दिल्लीच्या एका बैठकीत होऊ शकला असता तो निरनिराळ्या प्रांतांच्या शाळांत, मुलांच्या आयुष्यावर प्रयोग करून झाला. या खर्चाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात स्वतंत्र सदराखाली सापडत नाही, कारण तो प्रांतांच्या शिक्षणखर्चातच मुरलेला आहे.

तो किती होता याचा अंदाज सायमन आयोगाच्या शिक्षणविषयक साहाय्यक समितीच्या अहवालावरून बांधता येतो. ही समिती सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखाली होती आणि तिचा अहवाल १९२९ साली प्रसिद्ध झाला. हार्टोग हे सॅडलर आयोगाचे सभासद होते, म्हणजे मध्यवर्ती सल्ल्याची कल्पना प्रथम मांडली गेली तेव्हाही ते हजर होते. त्यांच्या समितीने काढलेला एक आकडा शिक्षणाच्या इतिहासात कायमचा बसला आहे : १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथ्या इयत्तेत केवळ १८ उरली होती. बाकीची काही शाळा सोडून गेली होती, काही त्याच त्याच इयत्तेत अडकून पडली होती. चार वर्षांहून कमी शिक्षण झालेल्या मुलाची साक्षरता टिकत नाही, असे धरून समितीने प्राथमिक शिक्षणावरील खर्चाचा मोठा भाग वाया गेला असा निष्कर्ष काढला. १९२१ च्या खानेसुमारीत साक्षरतेचे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते, ते १९३१ साली शेकडा साडेनऊच्या आसपास गेले. शाळांची आणि पटावरील मुलांची संख्या ज्या वेगाने वाढली त्या मानाने ही वाढ फारच तोकडी म्हटली पाहिजे.

येथे सावधगिरीची दोन विधाने करणे जरूर आहे. एक, गळतीचे कारण मंडळ नसणे हे नव्हे. दारिद्र्य, एकशिक्षकी शाळा, शेतीच्या हंगामात मुलांची घरी लागणारी गरज, मुलींच्या शिक्षणाविषयीची अनास्था ही कारणे कोणत्याही मंडळाच्या आटोक्याबाहेरची होती. मंडळ असते तर शंभरांतील अठराचे तीस झाले असते, असे म्हणण्यास काहीच आधार नाही. दोन, हार्टोग समितीची आकडा काढण्याची रीतही निर्विवाद नाही. एकाच इयत्तेत पुन्हा बसलेल्या आणि शाळा कायमची सोडलेल्या मुलांना तिने एकाच हिशेबात घातले. आपल्या प्रांतातील शिक्षणशास्त्रज्ञ रा. वि. परुळेकर यांनी समितीच्या अनुमानांवर जोरदार टीका केली आणि दर्जाच्या नावाखाली प्रसार थांबविण्यास विरोध केला, हे प्रसिद्धच आहे. असे असले तरी एक मुद्दा शिल्लक राहतोच. गळतीची आकडेवारी पंचवार्षिक आढाव्यांत वर्षानुवर्षे पडून होती. तिच्याकडे सर्व प्रांतांच्या मिळून एका दृष्टीने पाहणारे कोणी नव्हते. ते पाहण्यासाठी शेवटी एका राजकीय आयोगाची पोटसमिती नेमावी लागली आणि तिचा खर्च अर्थातच शिक्षणखात्याच्या खाती पडला नाही. मंडळाच्या प्रवासभत्त्याची बचत १९२३ च्या खात्यात जमा झाली. तेच काम करणाऱ्या समितीचा खर्च पाच वर्षांनी निराळ्याच खात्यावर टाकला गेला. दोन्ही खाती एकाच तिजोरीची, पण ती एकत्र उघडून पाहण्याची रीत नसल्यामुळे बचत ही बचतच राहिली.

मध्यवर्ती सरकारने शिक्षणापासून हात झटकून घेतल्याबद्दल हार्टोग समितीने स्पष्ट नापसंती व्यक्त केली आणि मंडळाचे व ब्यूरोचे पुनरुज्जीवन सुचविले. ही सूचना अमलात येण्यास आणखी सहा वर्षे लागली, कारण तोवर जागतिक मंदी आली होती आणि काटकसरीची नवी लाट सुरू झाली होती. १९३५ साली मंडळ पुन्हा स्थापन झाले. त्या वेळी शैक्षणिक आयुक्त असलेले सर जॉर्ज अँडरसन हे हार्टोग समितीचे सभासद होते. ब्यूरोचे काम १९३७ पासून पुन्हा सुरू झाले.

४

पुनरुज्जीवित मंडळाने पुढील दहा-बारा वर्षांत जे काम केले ते पाहता पूर्वीची बारा वर्षे किती पोकळ गेली हे जाणवते. १९३५ च्या पहिल्याच बैठकीतील ठरावावरून इंग्लंडातून अॅबट व वुड या दोन तज्ज्ञांना बोलाविण्यात आले आणि धंदेशिक्षणावरील त्यांचा अहवाल १९३७ साली प्रसिद्ध झाला. गांधीजींच्या वर्धा योजनेची तपासणी करण्यासाठी मंडळाने मुंबई प्रांताचे तत्कालीन मुख्य मंत्री बाळ गंगाधर खेर यांच्या अध्यक्षतेखाली लागोपाठ दोन समित्या नेमल्या. काँग्रेसचा मंत्री ब्रिटिश सरकारच्या मंडळाच्या समितीचा अध्यक्ष असावा, ही गोष्ट त्या काळात सहज घडण्यासारखी नव्हती. सल्ल्याचे व्यासपीठ असल्यामुळे ती घडली. १९४४ साली मंडळाने जॉन सार्जंट यांच्या नावाने ओळखली जाणारी युद्धोत्तर शिक्षणविकासाची योजना सादर केली. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन् यांचा विद्यापीठ शिक्षण आयोग (१९४८–४९) आणि मुदलियार यांचा माध्यमिक शिक्षण आयोग (१९५२–५३) यांच्या नेमणुकांमागेही मंडळाच्या शिफारसी होत्या.

हे वाचून मंडळाचे समर्थक समाधान पावतील. परंतु काटकसरीच्या बाजूने विचार करणाऱ्याने याच यादीकडे निराळ्या नजरेने पाहिले, तर त्याला दोष देता येणार नाही. सार्जंट योजना चाळीस वर्षांत पुरी व्हावयाची होती आणि ती पूर्णपणे अमलात आल्यावर वार्षिक खर्च सुमारे ३१३ कोटी रुपये होईल असा तिचाच अंदाज होता. १९२३ साली सबंध मध्यवर्ती सरकारच्या खर्चात इंचकेप समितीने सुचविलेली काटछाट १९ कोटींची होती हे येथे स्मरावे. स्वातंत्र्यानंतर शिक्षणाच्या खर्चाची तरतूद कशी करावी याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचेही अध्यक्ष खेरच होते, आणि केंद्राने आपल्या उत्पन्नाचा दहावा व प्रांतांनी पाचवा हिस्सा शिक्षणावर खर्च करावा असे तिने सांगितले. सल्लागार मंडळ स्वतः अल्प खर्चात चालते, पण त्याचा सल्ला फार महाग असतो.

आमच्या मते विसर्जनाच्या अर्थकारणाचे खरे मर्म येथे आहे. मंडळाच्या प्रवासभत्त्यात वाचलेली रक्कम ही बचत म्हणून दाखविली जाते, आणि ती खरोखर क्षुल्लक असते. न दाखविली जाणारी, परंतु कितीतरी पटींनी मोठी असलेली ‘बचत’ ही की, मागणी करणाराच नाहीसा होतो. १९२३ ते १९३५ या काळात कोणतीही सार्जंट योजना हिंदुस्थान सरकारपुढे आली नाही, आणि जी आलीच नाही ती नाकारण्याचा प्रसंगही आला नाही. हा खर्च टाळणे योग्य होते असे कोणाचे मत असू शकेल. ते मत कायदेमंडळात मांडून, चर्चा करून, मतदानाने ठरवावयास हवे होते. ते न करता शिक्षणावर किती खर्च करावा या थोर प्रश्नाचा निकाल भत्ते आणि छपाई यांच्या किरकोळ सदराखाली लागून गेला. इंचकेप समितीचा असा हेतू होता असे सुचविण्याचा आमचा उद्देश नाही. ती सभासदांच्या व्यापारी शिस्तीप्रमाणे प्रत्येक सदर तपासत गेली, आणि ज्याचे उत्पन्न दिसत नाही ते सदर तिने छाटले. हेतू निर्दोष असला तरी परिणाम तोच झाला.

सल्ला नेहमी खर्चच वाढवितो असेही समजू नये. हार्टोग समितीचा सल्ला संख्येचा विस्तार आवरून आहे त्या शाळा सुधाराव्यात असा होता आणि पुढील काही वर्षे प्रांतिक सरकारांनी नव्या शाळा न काढण्यासाठी त्याचा भरपूर उपयोग करून घेतला. याच कारणासाठी परुळेकरांसारखे लोक त्या अहवालावर तुटून पडले. सल्ल्याची किंमत खर्चाच्या दिशेने जाईल की बचतीच्या, हे तो देणाऱ्यांच्या व ऐकणाऱ्यांच्या मनोवृत्तीवर अवलंबून असते.

५

या प्रश्नाची हिशेबी तपासणी अलीकडे एकदा सरकारी पातळीवरच झाली आणि ती इंग्लंडात झाली, म्हणून तिचा उल्लेख येथे उपयुक्त होईल. ऑक्टोबर २०१० मध्ये फ्रान्सिस मॉड या मंत्र्यांनी तेथील ९०१ सार्वजनिक मंडळांचा आढावा जाहीर केला. त्यांपैकी १९२ मोडावयाची आणि ११८ एकमेकांत विलीन करावयाची असे ठरले. २०१५ पर्यंत प्रशासनखर्चात २६० कोटी पौंडांची बचत होईल असा सरकारचा अंदाज होता. जानेवारी २०१२ मध्ये तेथील राष्ट्रीय हिशेबतपासणी कार्यालयाने या अंदाजाची छाननी केली. मंडळे बंद करण्याचाच खर्च (नोकरांची भरपाई, भाडेकरार, निवृत्तिवेतनाची देणी) खात्यांनी ४२ कोटी ५० लक्ष पौंड धरला होता. तपासनिसांच्या हिशेबाने तो निदान ८३ कोटी पौंड होणार होता. शिवाय मोडलेल्या मंडळाचे काम ज्या खात्याकडे गेले त्याचा वाढलेला खर्च बचतीतून नीट वजा केलेला नव्हता. आमच्या १९२३ च्या दाखल्यात दिसणारी खातेबदलाची किमया ती हीच.

या सुधारणेतून काहीच वाचले नाही असे मात्र म्हणता येत नाही. प्रशासनाचा खर्च पुढील वर्षांत खरोखर उतरला. पण ती बचत मुख्यत्वे स्वतःचा नोकरवर्ग व इमारती असलेल्या मोठ्या कार्यकारी संस्थांमधून यावयाची होती. निव्वळ सल्लागार मंडळांना तेथील रूढीप्रमाणे स्वतःचे अंदाजपत्रक किंवा नोकर सहसा नसतात. त्यांतील बऱ्याच मंडळांना केवळ नाव बदलून खात्याच्या पोटातील तज्ज्ञ समिती बनविण्यात आले. मंडळांची संख्या कमी झाली, सभासद तेच राहिले आणि त्यांचा चहापाण्याचा खर्चही खात्यातच जिरून गेला. आपल्या सचिवालयांच्या कारभाराशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

यावरून एक विचित्र गोष्ट निदर्शनास येते. जे मंडळ वर्षानुवर्षे भरतच नाही ते मोडून काहीच वाचत नाही, कारण त्यावर काही खर्चच होत नसतो. जे मंडळ नियमित भरते आणि काम करते, त्याचे काम बहुधा दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. तेव्हा खरी बचत व्हावयाची तर मंडळ कामसू हवे आणि त्याचे काम निरुपयोगी हवे. अशी मंडळे सापडत नाहीत असे नाही. ती वेचून काढणे हे कौशल्याचे काम आहे, आणि शंभरांनी मंडळे एका फटक्यात मोडणाऱ्यांकडून ते होण्याचा संभव कमी.

६

दुसरे विसर्जन हे विसर्जन म्हणून जाहीरच झाले नाही. मार्च १९९४ मध्ये मंडळाची मुदत संपली आणि नवी नेमणूक झाली नाही. दहा वर्षे ते केवळ कागदावर राहिले. या दहा वर्षांत काम कोणी केले? प्राथमिक शिक्षण हा मूलभूत हक्क करण्याचे परिणाम काय होतील हे पाहण्यासाठी १९९६ साली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक समिती मुहीराम सैकिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आली. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांना एकत्र बसविणे हेच तर मंडळाचे काम होते. त्यानंतर त्या हक्काचा खर्च काढण्यासाठी तापस मजुमदार यांचा तज्ज्ञ गट नेमला गेला आणि त्याने १९९९ साली दहा वर्षांसाठी सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपयांचा वाढीव खर्च सांगितला. मंडळ नव्हते तरी महाग सल्ला टळला नाही.

या काळातील अधिक गंभीर प्रसंग २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा होय. मंडळाचा विचार न घेता तो तयार झाला, हा त्यावरील आक्षेपांपैकी एक होता आणि तो अरुणा रॉय व इतर यांच्या अर्जातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २००२ च्या निकालात न्यायालयाने बहुमताने असे सांगितले की, मंडळ कायद्याने स्थापन झालेले नाही, म्हणून त्याचे मत न घेतल्याने आराखडा बेकायदा ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होते. परंतु त्याचा परिणाम असा की, ज्या वादाचा निकाल सर्व राज्यांच्या मंत्र्यांनी एका सभागृहात लावावयाचा तो वकिलांमार्फत लढविला गेला. त्या आराखड्यानुसार झालेली पाठ्यपुस्तके, विशेषतः इतिहासाची, थोड्याच वर्षांत बदलली गेली. २००५ साली नवा आराखडा पुनर्घटित मंडळापुढे ठेवण्यात आला आणि २००६ पासून नवी पुस्तके येऊ लागली. ही उलथापालथ प्रामुख्याने सत्तांतरामुळे झाली. मंडळ असते तर ती झालीच नसती असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि दोन वेळा लिहिलेल्या आणि दोन वेळा छापलेल्या पुस्तकांचा खर्च ज्याला काढावयाचा आहे त्याने मंडळाच्या बंद दरवाजाकडे दुर्लक्ष करू नये.

जुलै २००४ मध्ये पुनर्घटित झालेल्या मंडळाने लगोलग सात समित्या नेमल्या. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या विधेयकापासून सरकारी यंत्रणेबाहेरील पाठ्यपुस्तकांच्या नियमनापर्यंत त्यांचे विषय पसरले होते. दहा वर्षांची तुंबलेली कामे एकदम हाती घ्यावी लागली, असाच याचा अर्थ दिसतो. १९३५ नंतरची मंडळाची घाई आणि २००४ नंतरची घाई यांत बरेच साम्य आहे, आणि मंडळाच्या इतिवृत्तांवरून ते तपशीलवार दाखविता येण्यासारखे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय हाती घेतल्यास मध्यवर्ती सरकारच्या शिक्षणखर्चाबरोबर त्या त्या वर्षी नेमलेल्या तात्पुरत्या समित्यांचे व परिषदांचे खर्च वेगवेगळ्या खात्यांतून गोळा करून एका तक्त्यात मांडावे लागतील. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून ‘बचत’ या शब्दाला पुरावा मिळणार नाही.

अशा तक्त्यातील एक नोंद आताच करून ठेवता येते. शार्प यांनी संपादित केलेला वेच्यांचा पहिला खंड १७८१ ते १८३९ पर्यंतचा होता, रिची यांचा दुसरा १८४० ते १८५९ पर्यंतचा. तो १९२२ साली निघाला. पुढच्याच वर्षी ब्यूरो बंद झाला आणि मालिका १८५९ पाशी थांबली. १९३७ साली ब्यूरो पुन्हा उघडला तरी हे काम त्याने हाती घेतले नाही. शैक्षणिक दप्तरांच्या वेच्यांची नवी मालिका शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सुरू केली, आणि तिचा पहिला खंड १९६० साली, म्हणजे अडतीस वर्षांनी, दुसऱ्या संस्थेच्या खर्चाने प्रसिद्ध झाला. त्यात छापलेले अहवाल १८५९ पासून सुरू होतात.